डालग्यावरच्या तबकड्या

लोणावळा,
९ ऑगस्ट १९७०

प्रिय गंगाधर,

गणपतीला येतोस हे तुझ्या पत्रात वाचून शैलानं लगेच मोदकांसाठी आंबेमोहोर पिठी सांगून ठेवली. मी मात्र पत्राची घडी करून खिशात घातली आणि चार दिवस ते तिथंच ठेवलं. का, ते आता सांगतो. आधी नीट खुर्चीवर बस.

मळवलीच्या बंगल्यातल्या तुझ्या रेकॉर्डी गेल्या.

हे कुठूनही सुरू केलं तरी इथंच येणार होतं, म्हणून आधीच लिहून टाकलं. यंदाचा पाऊस तुला शिकागोत बसून कळायचा नाही. आषाढभर सूर्य म्हणून दिसला नाही. काडेपेटी तव्याशेजारी ठेवून शेकावी तेव्हा काडी पेटते. माझ्या शाळेच्या कोटाला बुरशी आली आणि मुलांनी मागून खडूचे डाग समजून झटकली. तीच बुरशी तुझ्या कपाटात शिरली. कव्हरं एकमेकांना चिकटली, तबकड्यांवर सायीसारखा पांढरा थर. किल्ली माझ्याकडे, दर रविवारी जाऊन कपाटाला वारा द्यायचा, हा आपला करार मी विसरलेलो नाही. मधले काही रविवार सर्दीपडशात गेले, एवढंच.

मग तबकड्या धुणं आलं, आणि धुतल्यावर वाळवणं आलं. बंगल्यामागच्या खोलीत बायडाबाईची शेगडी पेटलेली होती. पावसाळ्यात आपल्याकडे तान्ह्या पोरांची कापडं कशी वाळवतात ते तू विसरला नसशील, तुझी दुपटीही तशीच वाळली आहेत. खाली निखारे, त्यावर कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं पालथं, आणि डालग्यावर कापडं. बायडाबाईच्या नातवाची कापडं त्यावर कायम असतात. त्या डालग्यावर तुझ्या तबकड्या पडल्या. मी पाहिलं तेव्हा त्या आंबोळ्यांसारख्या लोंबत होत्या. उचलल्या तर डालग्याची वीण गाण्याच्या रेघांवर उमटलेली. एक लावून पाहिली. सुई बैलगाडीसारखी धडधडत गेली आणि बाहेर पडली.

शेगडी बायडाबाईची, डालगं बायडाबाईचं. बाकी तू समजून घे. तिच्यावर रागावू नकोस. तुझ्या वडिलांनी सावळाला आणि तिला बंगला राखायला ठेवलं तेव्हापासून त्यांच्या हातून काचेचा पेलाही फुटलेला नाही. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्याच्या तबकड्या विस्तवाजवळ नेऊ नयेत हे त्या बाईला कोणी सांगितलंय?

एक मात्र वाचली. तुझ्या तिथल्या पहिल्या घरमालकिणीच्या मुलीची. थोड्याच छापल्या, मग कंपनी बुडाली, मुलीनं गाणं सोडलं आणि आता शिकागोतही शोधून मिळत नाही म्हणतोस, ती. कशी वाचली देव जाणे. भिंतीवरचा तिचा सही केलेला फोटोही शाबूत आहे.

हवाईपत्राची ही एक खोड आहे, मुद्द्याचं लिहायला घ्यावं तर कागद संपतो.

तुझा,
गोपाळकृष्ण


लोणावळा,
१३ सप्टेंबर १९७०

प्रिय गंगाधर,

गणपती आले आणि गेले. तू आला नाहीस. शैलानं तुझ्या नावाचं ताट काढलं होतं, ते मी जेवलो.

तुझं पत्र वाचलं. बरेचदा वाचलं. इतक्या वर्षांच्या गोळा केलेल्या वस्तू एका दुपारी गेल्या म्हणजे माणूस रागावणारच. पण सावळा-बायडाबाईला दिवाळीच्या आत खोली रिकामी करायला सांगायचं, पुण्याच्या काकांनी दुसरा माणूस पाहायचा, हे जरा अति होतंय असं मला वाटतं. त्यांची वाडी धरणात जाते आहे. घरं उठलीसुद्धा. त्यांना परत जायला गाव उरलेलं नाही. तरी बंगला तुझा आहे, मी काय बोलणार.

आणि त्याच पत्रात खाली तू मला ती वाचलेली रेकॉर्ड देऊन टाकलीस, फोटोसकट. ‘ज्यानं जिवापाड जपल्या, त्याच्याकडे एक तरी राहू दे.’ गंगाधर, मी नको म्हणायला हवं होतं. लगेच, उलट टपाली. त्याऐवजी मी परवा मळवलीला गेलो आणि दोन्ही वस्तू टॉवेलात गुंडाळून घरी घेऊन आलो. गाडीत मांडीवर ठेवून बसलो होतो. शेजारी एकानं विचारलं, नैवेद्य आहे का.

घरी लावली. तुला ठाऊक आहे ती कशी सुरू होते. आधी नुसतं पियानो, गरीबसं, कोणीतरी दुसऱ्याच खोलीत वाजवत असल्यासारखं. मग ती बाई तोंड उघडते आणि आपण आजवर जे काही दडवून ठेवलंय ते तिला कळलंय असं वाटू लागतं. मी गाणं संपायच्या आधीच सुई उचलली. शैला म्हणाली, “आज का हो अर्धवट?” मी म्हटलं, डोकं दुखतंय.

चौसष्ट सालची गंमत आठवते? तू पहिल्या रेकॉर्डी पाठवल्यास. मधलं भोक एवढं मोठं की आपल्या यंत्रावर त्या बसेचनात. मी बाजारातल्या सुताराकडून लाकडाची चकती कातून घेतली आणि भोक भरलं. चकतीचा मध्य जरा बाजूला पडला होता, त्यामुळे प्रत्येक सूर हेलकावे खात वर जायचा आणि खाली यायचा. मला वाटलं, ह्या गाण्यातला सोल सोल, आत्मा आत्मा म्हणतात ते हेच. आमच्या चित्रकलेच्या मास्तरांना घरी बोलावून ‘हा कंप ऐका, पिढ्यान् पिढ्यांचं दुःख आहे ह्यात’ असं व्याख्यान दिलं. तू सुट्टीवर आलास, चकती पाहिलीस आणि पोट धरून हसलास. मी इतका ओशाळलो होतो की आठवडाभर त्या मास्तरांच्या समोर गेलो नाही.

त्या वेळची लाज किती स्वस्तातली होती.

बायडाबाईचं थोडं मनावर घे. एवढंच सांगायला पत्र लिहिलं होतं.

तुझा,
गोपाळकृष्ण


लोणावळा,
२५ ऑक्टोबर १९७०

प्रिय गंगाधर,

तू सावळाला लिहिलेलं पत्र त्याला मिळालं. त्याची पत्रं नेहमी मीच वाचून दाखवतो हे तुला माहीत आहे. गेल्या रविवारी मळवलीला गेलो, तर त्यानं टोपीच्या घडीतून ते काढलं आणि माझ्यापुढे धरलं. चेहऱ्यावर आनंद होता. त्याला वाटलं, तू यायची तारीख कळवली असशील.

मी ओट्यावर बसून ते वाचून दाखवलं, जमलं तसं. बायडाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, नातू कडेवर. वाचून झाल्यावर सावळानं विचारलं,

“मास्तर, कुटं जायाचं त्ये बी लिवलंय का कागदात?”

मी म्हटलं, नाही.

“न्हाई म्हंजी, राहिलं आसंल तर बगा पुन्यांदा.”

मी पत्र उलटसुलट केलं. खरंच शोधत असल्यासारखं केलं. बायडाबाई म्हणाली, “डालगं माजं व्हतं मास्तर. त्ये मी कुटं न्हाई म्हन्ते?” आणि माझ्याकडे बघत राहिली. मी चष्मा पुसायला घेतला.

निघताना तिनं दिवाणखान्याच्या भिंतीकडे बोट दाखवलं. फोटो होता तिथं आता नुसता चौकोन आहे. “ती बाई कुटं गेली?” म्हणाली. बायडाबाईची मागची एक गोष्ट तुला कधी लिहिली नव्हती. पहिल्यांदा तो फोटो पाहून तिनं मला विचारलं होतं, हिचं कोण मेलंय. मी सांगितलं, अगं ती रडत नाही, गातेय. तर म्हणाली, “मंग गाताना रडती. आमच्या वाडीतल्या जानूची आय आशीच व्हती, दळताना.” तेव्हापासून रविवारी मी रेकॉर्ड लावली की ती हातातलं काम घेऊन दाराशी येऊन बसायची. तांदूळ निवडायचे असले तर तांदूळ.

मी तिला सांगितलं, फोटो माझ्या घरी आहे, साहेबांनी दिला. “बरं झालं,” म्हणाली. “तुमाला लय आवडती ती.”

माझी एक विनंती आहे. ऐन दिवाळीच्या तोंडावर नको. त्यांना संक्रांतीपर्यंत राहू दे. काकांनाही तसं कळव. ह्यापेक्षा जास्त मागत नाही.

तुझा,
गोपाळकृष्ण


लोणावळा,
६ डिसेंबर १९७०

गंगाधर,

ह्या वेळी हवाईपत्र घेतलं नाही. साधे कागद घेतले आहेत, भरपूर, म्हणजे जागा संपली म्हणायची सोय नको.

संक्रांतीपर्यंत मुदत दिलीस, उपकार झाले असं लिहिणार होतो. ते नाही लिहीत.

आमची लेक चंद्रिका पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. शेजारपाजारच्या बायका येऊन गेल्या, कोणी झबलं आणलं, कोणी डिंक. काल दुपारी दाराशी बायडाबाई. मळवलीहून गाडीनं आलेली, आणि डोक्यावर ते डालगं.

“पोरीच्या बाळंतपणाला लागंल,” म्हणाली. “धुरी द्याया, कापडं वाळवाया. आमाला आता कुटं न्यायाचं? ज्येचं घर न्हाई त्येला डालगं कशाला.”

शैला तिला रागावली. लटकं नाही, खरंच रागावली. म्हणाली, “बायडाबाई, अहो तबकड्या कुणी विस्तवावर धरतं का? एवढ्याशा चुकीनं डोक्यावरचं छप्पर घालवून बसलात.” मी आरामखुर्चीत वर्तमानपत्र धरून बसलो होतो. बायडाबाई माझ्या वर्तमानपत्राकडे बघत होती. मी आता काही बोलेन ह्याची वाट पाहत होती असं मला वाटतं. मी पान उलटलं. मग ती म्हणाली, “झालं त्ये झालं, वैनी. डालग्याचा काय दोष न्हाई. कापडं झ्याक वाळत्यात.”

गंगाधर, तबकड्या डालग्यावर तिनं घातल्या नाहीत. मी घातल्या.

सर्दीपडसं झालं नव्हतं. आषाढात मी मळवलीला गेलोच नाही, कारण पावसात स्टेशनपासून चालत जायचा कंटाळा आला. तू येतोस हे पत्र मिळालं तेव्हा धावत गेलो. कपाट उघडलं तर सगळीकडे बुरशी. तू येऊन काय म्हणशील एवढंच डोक्यात होतं. सगळ्या तबकड्या नळाखाली साबणानं धुतल्या. मागच्या खोलीत गेलो, बायडाबाईच्या नातवाची दुपटी डालग्यावरून मी स्वतः काढून तिच्या हातात दिली आणि तबकड्या मांडल्या. ती म्हणाली, “मास्तर, ह्ये कापड न्हाई, आच लागंल त्येंला.” मी म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं, नुसती ऊब द्यायची आहे.

मग मी दिवाणखान्यात आलो. एक तबकडी हातात राहिली होती, ती आधीच कोरडी पुसली होती. म्हटलं, लावून तर पाहू, बुरशीनं आवाज खराब झालाय का. ती लावली. तुझ्या घरमालकिणीच्या मुलीची. संपली की पुन्हा लावली. बाहेर पाऊस कोसळत होता म्हणून आवाज मोठा केला. बायडाबाई मागून हाका मारत होती, “मास्तर, वास येतोय,” “मास्तर, वाकायला लागल्यात.” ती दारापर्यंत आली. मी तिच्याकडे न बघता हातानं गप्प बस म्हणून खूण केली. रेकॉर्डींना हात लावायचा नाही हे मीच तिला कितीदा बजावलं होतं, म्हणून तिनं त्या उचलल्या नाहीत. उभी राहिली आणि बघत राहिली. गाणं संपल्यावर मी गेलो.

ती एक कशी वाचली देव जाणे, असं मी तुला लिहिलं. ती यंत्रावर होती. बाकीच्या वाकत होत्या तेव्हा मी ती ऐकत होतो. आणि तीच तू मला बक्षीस दिलीस.

मी तुला कुठंही ‘बायडाबाईनं केलं’ असं लिहिलं नाही. पहिलं पत्र लिहिताना ह्याची मी फार काळजी घेतली होती. शेगडी तिची, डालगं तिचं, बाकी तू समजून घे. तू समजून घेतलंस, आणि मी तुला समजू दिलं. सर्दीचं मात्र सरळ खोटं लिहिलं. दोन्हींत काही फरक आहे असं मी इतके महिने स्वतःला शिकवत होतो. मुलांना शिकवणारा माणूस मी. मला माझी किळस येते.

अजून एक. सावळाला तू लिहिलेल्या पत्रात ‘मास्तरांनी मला सगळं कळवलं आहे’ असं वाक्य होतं. वाचून दाखवताना ते मी गाळलं.

तिनं तेव्हाच का सांगितलं नाही, असं तुला वाटेल. कुणाला सांगणार? तुला लिहायचं तर पत्र लिहिणार कोण, मीच. 

शैलाला अजून बोललेलो नाही. धीर होत नाही. आतल्या खोलीत त्या डालग्यावर नातीची झबली वाळताहेत आणि घरभर ओव्याच्या धुरीचा वास आहे. मी त्या खोलीत जायचं टाळतो. नातीला अजून नीट पाहिलेलंही नाही.

त्यांना काढू नकोस. माझं काय करायचं ते कर.

गोपाळकृष्ण


लोणावळा,
१७ जानेवारी १९७१

श्री. गंगाधरपंत यांस,

तुम्ही मला उत्तर लिहिलं नाही, आणि लिहिणार नाही हे आता कळलं आहे. अरेतुरे करायचा हक्क मी घालवला. तरी काय घडलं ते तुम्हाला कळवणं माझ्याकडे लागतं, म्हणून हे पत्र.

भोगीच्या दिवशी सकाळी सावळा आणि बायडाबाई घरी आले. दुसऱ्या दिवशी त्यांची मुदत संपत होती. गाठोडी बांधून ओट्यावर ठेवली आहेत, असं सावळा म्हणाला. वडगावच्या बाजाराजवळ कोणाच्या तरी गोठ्यात तात्पुरती जागा मिळत होती. पण आदल्या दिवशी टपालानं तुमचं पत्र आलं होतं. ते त्यानं पुन्हा टोपीच्या घडीतून काढलं. ह्या खेपेला चेहऱ्यावर आनंद नव्हता.

पाकीट मी फोडलं. स्वयंपाकघरातून शैला बाहेर आली, चंद्रिका बाळाला घेऊन दारात उभी राहिली. घरात कोणाचं टपाल आलं की सगळे जमतात, तसे जमले. मी आधी मनात वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीलाच थांबलो.

पत्र थोडकं होतं. तुमची वाक्यं तुम्हाला परत कशाला सांगू, पण मी काय वाचलं ते तुम्हाला कळायला हवं. सावळा, तुम्ही दोघं कुठंही जायचं नाही. चूक तुमची नव्हती. तबकड्या मास्तरांनी बिघडवल्या आणि दोष तुमच्यावर जाऊ दिला. मीही न विचारता तुमच्यावर रागावलो, त्याबद्दल बायडाबाईंची माफी मागतो. बंगल्याची किल्ली मास्तरांकडून घ्या आणि तुमच्याकडेच ठेवा. मास्तर आले तर बसवा, चहा द्या, दिवाणखाना उघडू नका. आणि शेवटी, हे पत्र दुसऱ्या कोणाकडून नाही, मास्तरांकडूनच वाचून घ्या.

मी कागद हातात धरून उभा होतो. शैला म्हणाली, “वाचा की मोठ्यानं, काय लिहिलंय?” त्या वेळी मला सुचलं नाही असं नाही. ‘साहेब म्हणतात, राहा. किल्ली तुमच्याकडे ठेवा.’ एवढं सांगितलं असतं तरी त्यांचं काम झालं असतं, आणि माझंही झालं असतं. सावळाच्या डोळ्यांतली भीती तरी लवकर गेली असती. खाली मान घालून मी हा विचार केला. मागच्या वेळेसारखा.

मग वाचलं. तुमच्या पहिल्या अक्षरापासून सहीपर्यंत. माझं नाव आलं तिथं अडखळलो, तेव्हा ती ओळ परत घेतली.

चंद्रिका बाळाला घेऊन आत गेली. शैला मटकन पाटावर बसली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. बायडाबाईकडे बघून म्हणाली, “आणि मी तुम्हाला बोलले.” बायडाबाईनं नुसता हात हलवला. सावळा डोळे पुसत होता.

“मास्तर,” बायडाबाई म्हणाली, “पुन्यांदा वाचा.”

“सगळं?”

“व्हय. समदं.”

मी पुन्हा वाचलं. शाळेत शुद्धलेखन घालतो तसं, एकेक शब्द सुटा. ती ऐकत होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. संपल्यावर म्हणाली, “मागल्या येळंला कागूद मोठा व्हता आन वाचनं थोडं झालं. तवाच मला वाटलं.” मग म्हणाली, “तुमी सांगाल म्हनून मी गप बसले. डालगं घिऊन आले तवा बी वाट बगितली. लय दिस लावलेत.”

मला माफी मागायची होती. शब्द तयार होते, मास्तरांकडे शब्द असतातच. पण ती मागायच्या आधी तुमच्या पत्रात ती मागितली गेली होती, आणि दुसऱ्याच्या मागून उभं राहून मागायची म्हणजे पुन्हा लपणंच. तरी मागितली. “बायडाबाई, माझं चुकलं. मी तुमच्यावर ढकललं.” तिनं किल्लीसाठी हात पुढे केला. सावळा म्हणाला, “ऱ्हाऊ द्या मास्तर,” पण ते माफ केल्याचं बोलणं नव्हतं, त्याला घरी जायची घाई झाली होती. गाठोडी सोडायची होती.

किल्ली दिली. ती तिनं पदराच्या गाठीत बांधली. मग मी आतून रेकॉर्ड आणि फोटो आणला. ह्या वस्तूंवर माझा हक्क नव्हता आणि तुम्हीही आता तसंच समजत असाल. शैलानं आपल्या जुन्या लुगड्यात दोन्ही बांधून दिली. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

बायडाबाईनं फडकं सोडून फोटो एकदा पाहिला. “चला बाई,” फोटोला म्हणाली, “तुजी जागा रिकामी हाय.” सावळाला यंत्र लावता येतं, मीच शिकवलं होतं. बंद राहून ते खराब होऊ नये म्हणून त्यानं मधूनमधून ती एक रेकॉर्ड लावावी असं मी सांगितलं आहे. चालणार नसेल तर त्याला तसं लिहा. पत्र मी वाचून दाखवीन, सगळं.

डालगं परत न्या म्हटलं, तर नाही म्हणाली. पोरगी मोठी होईस्तोवर ऱ्हाऊ द्या. मग पायरी उतरता उतरता थांबली आणि मागं न बघता म्हणाली,

“आयतवारी या मास्तर. आत न्हाई घ्यायाची म्या, सायबानं सांगितलंय. पन वट्यावर ऐकू येतंय.”

आज रविवार आहे. दहाच्या गाडीनं जाईन म्हणून कपडे घातले होते. गाडी गेली. आता पुढची आहे. शैला आत नातीची झबली डालग्यावरून काढते आहे. हे पत्र पेटीत टाकतो आणि स्टेशनवर जातो. ओट्यावर बसायचं आहे, त्याला कपडे कसेही चालतील.

गोपाळकृष्ण